नक्कल कोणाची, धाड कोणावर?

मुंबई-ठाण्यातील कोणत्याही गजबजलेल्या रेल्वे स्थानकाबाहेर अधूनमधून एक देखावा हमखास पाहायला मिळतो. पोलिसांची गाडी येते. तिच्या मागे खासगी गाडीतून दोन-तीन सुटाबुटातली माणसे उतरतात. फेरीवाल्यांची पळापळ सुरू होते. ज्याला पळता येत नाही त्याच्या गाडीवरचे बूट, टी-शर्ट, घड्याळे गोणीत भरली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बातमी येते, 'नामांकित कंपनीचा बनावट माल जप्त, एकास अटक'. वाचणारा म्हणतो, बरे झाले, चोर सापडला!

चोर सापडला असेल तर बरेच झाले. बनावट मालाची वकिली करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. परंतु अशा प्रकरणांचे कागद वर्षानुवर्षे चाळताना एक प्रश्न मला सतत पडत आला आहे. बौद्धिक संपदेचा कायदा सर्वांना सारखा आहे, शिक्षाही जवळपास सारखीच आहे. मग काहींच्या तक्रारीवर हा कायदा धावत सुटतो आणि काहींच्या तक्रारीवर जागचा हलतही नाही, असे का? या प्रश्नाचा आंबेडकरी चळवळीने गंभीरपणे विचार करण्याची वेळ आली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतला एक तरुण. बारावीनंतर शिक्षण सुटले, नोकरी मिळाली नाही, म्हणून स्थानकाबाहेर बुटांची गाडी लावू लागला. बाजारात ज्याला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात तो माल. एका संध्याकाळी धाड पडली. कंपनीच्या वतीने आलेला खासगी तपासनीस बोट दाखवत होता आणि पोलीस माल भरत होते. पंचनाम्यात प्रत्येक जोडाची किंमत लावली ती कंपनीच्या अस्सल बुटाच्या भावाने. त्यामुळे पाच-सात हजारांचा माल कागदावर दोन लाखांच्या पुढे गेला! त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, त्यानं बूट शिवला नाही, कुणाचा चोरला नाही. इकत आणला अन् इकला. मग चोरी कुठं झाली?"

या माऊलीच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, आणि ते तिच्या मुलाच्या बाजूचे असू शकते. व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे बनावट चिन्हाचा माल विकणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, विक्रेत्याने पुरेशी खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला याची माहिती मागितल्यावर त्याने दिली, हे सिद्ध झाले तर तो सुटू शकतो. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की गाडीवरचा विक्रेता हा साखळीचा शेवटचा कडी असतो. खरा गुन्हेगार वर बसलेला असतो, कारखान्यात, गोदामात, घाऊक पेढीवर. माझ्या अशिलाने गोदामाचा पत्ता जबाबात दिला होता. त्या पत्त्यावर कोणी गेल्याची एक ओळही तपासाच्या कागदांत नव्हती.

आता यातली दुसरी गंमत पाहा. व्यापारचिन्हाच्या कायद्यात कलम ११५(४) मध्ये एक मोठे संरक्षण आहे. बनावट चिन्हाचा माल वॉरंटशिवाय जप्त करायचा तर पोलीस अधिकारी उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा असला पाहिजे, आणि झडती-जप्तीपूर्वी त्याने व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घेतले पाहिजे. ते मत त्याच्यावर बंधनकारक आहे. चिन्ह खरोखर कोणाचे, नक्कल खरोखर आहे काय, हे फौजदाराने नजरेने ठरवू नये, हा त्यामागचा हेतू. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये मात्र असे काही नाही. १९८४ च्या दुरुस्तीनंतर कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षकाची 'खात्री' पटली की पुरे, वॉरंटविना जप्ती करता येते.

मग चलाखी काय केली जाते? बुटावरचे बोधचिन्ह ही एक 'कलाकृती' आहे असे म्हणायचे आणि गुन्हा कॉपीराइटच्या कलम ६३ खाली नोंदवायचा. झाले! उपअधीक्षक नको, निबंधकाचे मत नको. पुढच्या दाराला कुलूप होते म्हणून मागच्या दाराने आत शिरण्याचा हा प्रकार आहे. आणि २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असा निकाल दिल्यापासून हे मागचे दार आणखी रुंद झाले आहे. माझ्या अशिलाच्या फिर्यादीतही हेच कलम होते. प्रकरणाचा शेवट त्याच्या सुटकेत झाला, पण तोपर्यंत तारखा करण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली आणि गाडी कायमची बंद पडली.

ही घाई कशासाठी, हे समजून घ्यायचे तर कायद्याच्या उगमाकडे गेले पाहिजे. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा 'ट्रिप्स' करार आला. या कराराच्या कलम ६१ प्रमाणे प्रत्येक सदस्य देशाने दोन गोष्टींसाठी फौजदारी शिक्षा ठेवलीच पाहिजे : व्यापारी प्रमाणावर जाणूनबुजून केलेली व्यापारचिन्हाची नक्कल आणि कॉपीराइटची चाचेगिरी. चिन्हे कोणाकडे आहेत? बड्या कंपन्यांकडे. चित्रपट आणि संगणक प्रणालींचे हक्क कोणाकडे आहेत? त्यांच्याकडेच. मात्र गावाच्या, कारागिरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालासाठी, म्हणजे भौगोलिक मानांकनासाठी, फौजदारी शिक्षेची सक्ती या कलमात नाही. वरच्या दर्जाचे जादा संरक्षण कलम २३ ने दिले ते फक्त वाइन आणि मद्यांना! युरोपातल्या द्राक्षमळ्यांच्या मालकांची बुद्धी वरच्या पायरीवर, आणि जगभरच्या विणकर, कुंभार, चर्मकारांची बुद्धी खालच्या पायरीवर. बुद्धीचीसुद्धा उतरंड लावता येते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय दरवर्षी अहवाल काढते आणि भारताला 'प्राधान्याने लक्ष ठेवण्याच्या' यादीत बसवते. बनावट मालाच्या 'कुप्रसिद्ध बाजारपेठां'ची यादीही ते काढते. २०२१ आणि २०२२ च्या या यादीत मुंबईतल्या हाजीअलीजवळच्या हिरा पन्ना बाजाराचे नाव होते. वॉशिंग्टनमध्ये नाव छापले गेले की इथल्या यंत्रणेला आकडे दाखवावे लागतात. आणि आकडे दाखवायला गोदामापेक्षा गाडी सोपी असते.

आपल्या महाराष्ट्र सरकारने तर यापुढचे पाऊल टाकले. १९८१ चा एमपीडीए कायदा आपल्या वस्त्यांना चांगला परिचित आहे. त्याच्या नावातला पहिलाच शब्द 'झोपडपट्टीदादा' आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांच्या रांगेत २००९ साली 'व्हिडिओ पायरेट' म्हणजे चित्रपटांची चोरटी प्रत काढणारा व विकणारा आणून बसवला गेला. तामिळनाडूने २००४ मध्येच असे केले होते. याचा अर्थ काय, तर सिनेमाच्या चोरट्या सीडी विकणाऱ्याला खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. कॉपीराइटच्या कायद्याखाली शिक्षा व्हायची तर साक्षी-पुरावे लागतात, उलटतपास होतो. एमपीडीएखाली यातले काही लागत नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण करणे भाग आहे. संविधान सभेने 'कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया' हे शब्द स्वीकारल्यामुळे व्यक्तिस्वातंत्र्याला जे छिद्र पडले होते ते बुजवण्यासाठी त्यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये कलम १५-अ मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे त्यातूनच आले. स्थानबद्धतेची तरतूद त्या काळच्या परिस्थितीत त्यांनी मान्य केली, पण तीही मोकाट सोडली नाही. कारणे कळवणे, निवेदनाची संधी देणे आणि तीन महिन्यांपलीकडे सल्लागार मंडळाची छाननी, असे लगाम घातले. राज्यव्यवस्थेवर संकट असेल तेव्हा वापरायचे हे हत्यार सिनेमाच्या गल्ल्याचे रक्षण करायला बाहेर काढावे, हे संविधानाच्या कोणत्या तत्त्वात बसते? चित्रपटाच्या चाचेगिरीसाठी २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाखांचा दंड ठेवला आहे. सामान्य कायदा एवढा कडक असताना स्थानबद्धतेची गरजच काय?

आता दुसरी बाजू पाहू. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर आपण भीमगीतांच्या कॅसेट घेतल्या, पुढे सीडी घेतल्या, आता मोबाईलवर ऐकतो. ही गाणी लिहिणारे शाहीर, कव्वाल, गायक कसे जगले आणि कसे गेले, हे चळवळीला माहीत आहे. एकदा हातावर थोडे पैसे टेकवायचे आणि गाणे कायमचे लिहून घ्यायचे, हीच रीत होती. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना एक मोठा हक्क दिला. ध्वनिमुद्रित गाण्याच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा असेल आणि तो वाटा सोडून देण्याचा करार केला तरी तो चालणार नाही. कायदा चांगला आहे. पण अंमलबजावणीचा फरक पाहा. त्या गाण्याची चोरटी सीडी विकली तर दखलपात्र गुन्हा, उपनिरीक्षक धावत येतो. त्याच गाण्याच्या शाहिराला वाटा दिला नाही तर? त्याने किंवा त्याच्या विधवेने नोटीस पाठवावी, दिवाणी दावा लावावा, वकील करावा, तारखा मोजाव्यात. दोघांचाही हक्क एकाच कायद्यातला. एकाच्या हक्कामागे पोलीस ठाणे उभे आहे आणि दुसऱ्याच्या हक्कामागे फक्त कागद.

सगळ्यात बोलके उदाहरण मात्र कोल्हापुरी चपलेचे आहे. ढोर समाजाने कातडे कमवायचे आणि चर्मकार समाजाने चप्पल बांधायची, अशा पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टातून ही चप्पल घडली. ज्या कामासाठी या माणसांना गावाबाहेर ठेवले, त्याच कामाच्या वस्तूने कोल्हापूरचे नाव जगभर नेले. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर कातड्याचा पुरवठा घटला, भाव वाढला, आणि कातडे वाहून नेणाऱ्याच्या जिवाला घोर लागला. अशा अवस्थेत २०१८-१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. नोंदणी आहे महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर या दोन सरकारी महामंडळांच्या नावे.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. सगळीकडे संताप उसळला, तो रास्तच होता. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक दुसरे आहेत, दाद मागायची तर त्यांनी मागावी, असे कारण दिले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला आणि सुमारे आठशे युरो किमतीचे दोन हजार जोड इथे बनवून घेण्याची घोषणा झाली. वृत्तपत्रांनी विजय साजरा केला.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, आपला मानांकन कायदा भारताच्या हद्दीत चालतो, मिलानमध्ये चालत नाही. दुसरी, तो मुख्यतः नावाचे आणि मूळ ठिकाणाच्या ओळखीचे रक्षण करतो, चपलेच्या आकाराचे नाही. प्राडाने नाव वापरले नव्हते, म्हणून तिच्याविरुद्धचा दावा कमकुवतच होता. नावाची खरी चोरी चालली आहे ती आपल्या दाराशी. यंत्रावर दाबलेली, रेक्झिनची, आठ जिल्ह्यांशी काडीचाही संबंध नसलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून शहरांच्या बाजारांत सर्रास खपते. हा मात्र उघड गुन्हा आहे. भौगोलिक मानांकन अधिनियम १९९९ च्या कलम ३९ आणि ४० प्रमाणे त्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. म्हणजे परदेशी कंपनीच्या बोधचिन्हाची नक्कल आणि कोल्हापूरच्या नावाची नक्कल, दोन्हींची शिक्षा तंतोतंत सारखी! मग परदेशी बुटांसाठी पडणाऱ्या धाडींच्या बातम्या नेहमी वाचायला मिळतात, तशी बनावट कोल्हापुरीच्या गोदामावर धाड पडल्याची बातमी आपण किती वेळा वाचली आहे?

याचे कारण कायद्यात नाही, फिर्यादीत आहे. परदेशी कंपनीकडे पगारी तपासनीस आहेत, वकिलांच्या पेढ्या आहेत, खबर काढायला माणसे आहेत. तयार तक्रार, तयार नमुने आणि तयार पंच घेऊन ती ठाण्यात जाते. चर्मकाराच्या मानांकनाचा मालक मात्र सरकारी महामंडळ आहे. त्याने तक्रार करायची, तपासनीस नेमायचे. क्यूआर कोडचे प्रमाणपत्र चपलेला लावण्याचे काम महामंडळाने हाती घेतले ही चांगली गोष्ट आहे. पण कोड लावून अस्सल माल ओळखता येतो, नकली मालाचा कारखाना त्याने बंद होत नाही. शिवाय कायद्याप्रमाणे मानांकन वापरण्याचा आणि दाद मागण्याचा हक्क हवा असेल तर प्रत्येक कारागिराने कलम १७ खाली 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद केली पाहिजे. झोपडीत बसून चप्पल बांधणाऱ्या बाईला या नोंदणीची माहिती कोणी द्यायची?

कोणी विचारेल, मग आता बनावट कोल्हापुरी विकणाऱ्या गरीब फेरीवाल्यावरही धाड घालायची काय? अजिबात नाही. जो न्याय बुटांच्या गाडीला, तोच चपलांच्या गाडीला. विक्रेत्याकडून मालाचा उगम विचारा आणि उगमावर जा. कारखानदार आणि घाऊक व्यापारी धरा.

आणि धावायचेच असेल तर सरकारने सर्वांत आधी जिथे माणूस मरतो तिथे धावावे. बनावट बुटाने पाय दुखेल, बनावट औषधाने जीव जातो. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविक गोळ्यांत औषधच नव्हते, टाल्कम पावडर आणि स्टार्च होते, असे पोलिसांच्या दोषारोपपत्रातून २०२४ साली बाहेर आले. सरकारी रुग्णालयात कोण जातो, हे सांगायला नको. बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असेल तर कायद्यात दहा वर्षे ते जन्मठेप आहे. परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अशोककुमार शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की, औषध कायद्याच्या या गुन्ह्यांसाठी पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येत नाही, ते काम औषध निरीक्षकाचे आहे. तज्ज्ञाने तपास करावा हे तत्त्व बरोबर आहे. पण मग निरीक्षक पुरेसे हवेत, प्रयोगशाळेचे अहवाल वेळेवर यायला हवेत. बुटाच्या खोट्या चिन्हासाठी उपनिरीक्षकाची 'खात्री' पुरते आणि खोट्या गोळीसाठी अहवालाची वाट पाहत बसावे लागते. अग्रक्रम असा उलटा का?

तेव्हा आपण काय करायचे? चळवळीतल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी चार गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, वस्तीतल्या विक्रेत्यावर असा गुन्हा दाखल झाला तर कोणते कलम लावले, जप्ती कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केली आणि निबंधकाचे मत घेतले काय, हे आधी तपासावे. कॉपीराइटच्या कलम ६४(२) प्रमाणे जप्त मालासाठी पंधरा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, ती मुदत चुकवू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही, असे अर्नेशकुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे, ते ठाण्यात दाखवावे. दुसरी, एमपीडीएमधून व्हिडिओ पायरेटची तरतूद काढून टाकण्याची मागणी विधिमंडळात गेली पाहिजे. तिसरी, चर्मोद्योग महामंडळाने बनावट कोल्हापुरीविरुद्ध किती तक्रारी केल्या, किती कारागिरांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे आणि नोंदणीची शिबिरे आपण भरवावीत. चौथी, भीमगीते लिहिणाऱ्या शाहिरांच्या वारसांचे करार गोळा करून त्यांच्या रॉयल्टीचे दावे चळवळीने एकत्रित लढवावेत. एकट्या विधवेला हे जमणारे नाही, दहा वकील एकत्र आले तर अवघड नाही.

बुद्धी ही कोणा एका वर्गाची मिरासदारी नाही. कातड्याला आकार देणाऱ्या हातातही ती आहे आणि डफावर थाप मारून गाणे रचणाऱ्या ओठातही आहे. कायद्याने ती संपत्ती म्हणून मान्यही केली आहे. आता त्या कायद्याला त्यांच्या दारापर्यंत आणण्याचे काम शिल्लक आहे, आणि ते आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.